मदत हवी आहे: हद्दीबाहेरचे मैल व्हीएमटीत कसे धरायचे?

कॅलिफोर्नियातला गृहप्रकल्प आहे. तिथे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासताना १ जुलै २०२० पासून चौकातला खोळंबा नव्हे, तर गाड्या किती मैल धावतील ते, म्हणजे व्हीएमटी, मोजतात. (बरंच झालं, नाहीतर खोळंब्यावर उपाय म्हणून रस्ताच रुंद करायला लावायचे!) रोजच्या ११० फेऱ्यांखालची सूट इथे बसत नाही, अर्ध्या मैलात मोठं स्टेशन नसल्याने तीही सूट नाही. म्हणजे दरडोई व्हीएमटी सध्याच्या सरासरीपेक्षा १५ टक्के कमी दाखवणं आलं.

अडचण अशी की वाहतुकीचा अंदाज काढणारं मॉडेल फेरी आपल्या क्षेत्राच्या हद्दीवरच कापतं. ६० मैलांवर नोकरी असली तरी हद्दीपर्यंतचेच १५ मैल धरले जातात, आणि कडेच्या झोनचा (मॉडेलने पाडलेल्या छोट्या विभागाचा) आकडा फसवा कमी येतो. सीमेवरच्या गेट झोनला (जिथून फेऱ्या मॉडेलबाहेर जातात त्या ठिकाणाला) बाहेरचं सरासरी अंतर जोडावं, की मोबाइल लोकेशन डेटावरून फेरीची लांबी घ्यावी? दुसरं केलं तर तुलनेची सरासरीही त्याच डेटावरून पुन्हा काढावी लागेल ना?