पाकिस्तानच्या तुरुंगातले मच्छीमार: लोकसभेत परराष्ट्र मंत्रालयाला प्रश्न कसा लिहून द्यावा?

वल्हं

नमस्कार मंडळी. कुणी संसदेचं कामकाज जवळून पाहिलं असेल तर मदत हवी आहे.

माझा धाकटा भाऊ गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. २०२२ च्या हंगामात बोट पकडली गेली. तांडेलासकट, म्हणजे बोटीच्या म्होरक्यासकट, सगळे पलीकडे कराचीच्या मलीर तुरुंगात. वर्षातून एखादं पत्र येतं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलंय, ‘शिक्षा संपली, आता कागद यायचे बाकी आहेत.’ कुठले कागद, कुणाकडून, हे त्यालाही माहीत नाही. आई ते पत्र घडी घालून डब्यात ठेवते आणि दर काही दिवसांनी मला पुन्हा वाचायला लावते.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे अशा इतर घरांचेही अर्ज मीच लिहिते. आम्ही एका खासदारांच्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या माणसाने सांगितलं, प्रश्न तुम्हीच लिहून द्या, आम्ही टाकतो. दोन अधिवेशनांत दोनदा दिला, पण एकदाही यादीत आला नाही. मसुदा असा होता:

‘पाकिस्तानने आपल्या निष्पाप मच्छीमारांना क्रूरपणे डांबून ठेवले आहे, हे सरकारला माहीत आहे काय? सरकार याबाबत गप्प का आहे? त्यांच्या सुटकेसाठी कोणती पावले उचलली? पाकिस्तानशी संबंध सुधारण्याचे सरकारचे धोरण काय आहे?’

यात काय चुकलं? अधिवेशनाचा दुसरा टप्पा १० मार्च २०२५ ला सुरू होतोय. तोपर्यंत नीट करून द्यायचा आहे.

मसुदेकाका

ताई, तुमचा मसुदा तीनदा वाचला. तुमच्या जागी मी असतो तर मीही असाच लिहिला असता. दिल्लीत दोन खासदारांकडे मिळून अकरा वर्षं प्रश्न लिहायचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

प्रश्न दाखल करून घेण्याच्या अटी लोकसभेच्या नियम ४१ मध्ये आहेत. विशेषणं, आरोप, उपरोध, तर्क चालत नाहीत. ‘क्रूरपणे’ गेलं, ‘गप्प का आहे’ गेलं. मित्रराष्ट्रांचा अनादर करणारा उल्लेखही चालत नाही. शब्दमर्यादा साधारण १५० ची, तिथे तुम्ही आत आहात. एका उत्तरात मावणार नाही इतका मोठा धोरणाचा विषय विचारता येत नाही, म्हणून शेवटचं वाक्यही अडतं. राहिलं काय? ‘कोणती पावले उचलली?’ आणि खरी गोची तिथेच आहे.

माझाच अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका मंत्रालयाला मी मोठ्या मेहनतीने चार भागांचा प्रश्न लिहिला होता. चारही भागांचा सूर तोच, सरकार काय करत आहे. उत्तराचा कागद आला. वर प्रश्न क्रमांक आणि तारीख, मग आमचे चारही भाग जसेच्या तसे, आणि खाली ‘(क) ते (घ)’ असं लिहून एकच परिच्छेद. त्यात ‘सरकार या विषयाला सर्वोच्च प्राधान्य देते’, ‘वेळोवेळी मुद्दा उपस्थित केला जातो’, एवढंच. खोटं काहीच नव्हतं, पण हातात धरावं असंही काही नव्हतं. पावलं विचारली की पावलंच मिळतात. त्या दिवसापासून प्रत्येक भाग असा लिहायला लागलो की त्याचं उत्तर शेजारच्या भागात मिसळता येऊ नये. एकात आकडा, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात हो किंवा नाही.

तुमच्या विषयात तर धरायला पक्की जागा आहे. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तानमध्ये कॉन्सुलर अ‍ॅक्सेसचा, म्हणजे पकडलेल्या माणसाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याने भेटण्याचा करार झाला. त्यात लिहिलंय की अटकेपासून ३ महिन्यांत ही भेट मिळावी. आणि राष्ट्रीयत्व पक्कं होऊन शिक्षा पूर्ण झाली की १ महिन्यात सोडून परत पाठवावं. तुमच्या भावाने लिहिलेले ‘कागद’ म्हणजे बहुधा हीच राष्ट्रीयत्वाची खातरजमा. याच करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात.

१ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने आपल्या ताब्यात ४९ भारतीय नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार असल्याचं कळवलं. आपल्याकडे त्यांचे ३८१ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार. शिक्षा पूर्ण झालेल्या १८३ भारतीय मच्छीमारांची आणि नागरी कैद्यांची सुटका लवकर करा, असं आपण त्याच दिवशी पाकिस्तानला सांगितलं. २०१४ पासून २,६३९ मच्छीमार आणि ७१ नागरी कैदी परत आले, हेही परराष्ट्र मंत्रालयाच्या त्याच दिवशीच्या पत्रकात आहे.

म्हणजे एवढं तर आधीच जाहीर आहे. तेच विचारलंत तर तेच छापून येईल आणि अधिवेशनातली एक संधी फुकट जाईल. जे पत्रकात नाही ते विचारा. २१७ जणांपैकी कोण कुठल्या राज्याचा, कुठल्या वर्षी पकडलेला? १८३ पैकी मच्छीमार किती? त्यांच्यातल्या किती जणांच्या राष्ट्रीयत्वाची खातरजमा अजून व्हायची आहे? या शेवटच्या भागाचं उत्तर आपल्याच सरकारकडे असतं, त्यासाठी पाकिस्तानच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

तारांकित की अतारांकित, हा पुढचा मुद्दा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, कुणाचे घ्यायचे ते बॅलटवर, म्हणजे सोडतीने ठरतं. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि विचारणाऱ्या खासदाराला दोन पूरक प्रश्न मिळतात. पण तासाभरात त्या वीसपैकी जेमतेम पाच-सहांची पाळी येते. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. तुम्हाला आकडे हवेत, म्हणून अतारांकितच द्या. आकडे हातात आले की पुढच्या अधिवेशनात तारांकितचा प्रयत्न करा, तेव्हा पूरक प्रश्नाला धार येईल.

वार जपा. सध्या परराष्ट्र मंत्रालयाची पाळी लोकसभेत शुक्रवारी असते. १४ मार्चला धुळवडीची सुट्टी, म्हणजे २१ मार्च, २८ मार्च आणि ४ एप्रिल एवढेच शुक्रवार उरतात. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. लोकसभा सचिवालय नोटिशीच्या शेवटच्या तारखांचा तक्ता काढतं, तो खासदारांच्या त्या कार्यालयाकडून मागून घ्या. नोटीस त्यांनी टाकली की नाही हेही विचारा. संकोच करू नका. तुमचा प्रश्न बॅलटमध्ये गेला की टेबलावरच राहिला, हे कळायचा तुम्हाला हक्क आहे.

निवांत_बंदर

काकांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण मला हा मार्गच पटत नाही. परदेशात अडकलेली माणसं वाटाघाटींनी सुटतात, सभागृहातल्या प्रश्नांनी नाही. कतारचं उदाहरण घ्या. नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. डिसेंबरात ती कमी झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसं सुटली. सगळं शांतपणे झालं. उघड बोललं की समोरचा देश अडून बसतो. ताईंच्या भावाचं नुकसान व्हायला नको, एवढंच म्हणणं आहे.

जाळं_आणि_गाळ

दोन गोष्टी. राज्यसभेत परराष्ट्र मंत्रालयाचा वार गुरुवार आहे आणि तिथे प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वाजता असतो. राज्यसभेतला एखादा सदस्य तयार असेल तर प्रश्नाचा वेगळा भाग तिकडून विचारा. दुसरं, जप्त झालेल्या बोटी आणि घरच्यांची मदत हे परराष्ट्र मंत्रालयाकडे नेऊ नका, ते मत्स्यव्यवसाय मंत्रालयाचं. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबलं तर प्रश्न भलत्याच मंत्रालयाकडे वळतो, असं मी पाहिलंय.

मसुदेकाका

जाळं_आणि_गाळ यांचं अगदी बरोबर. बोटींचा प्रश्न वेगळाच करा.

निवांत_बंदर, तुमची काळजी खरी आहे. प्रत्येक गोष्ट सभागृहात ओढावी असं मीही म्हणत नाही. कतारच्या प्रकरणात आठ माणसं होती, सगळ्या देशाला माहीत झालेली, रोज कुणीतरी त्यांच्याबद्दल विचारत होतं. इथे २१७ आहेत आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. शांतपणे वाटाघाटी व्हायला कुणीतरी विषय टेबलावर ठेवावा लागतो. ज्यांच्यासाठी वर्तमानपत्र लिहीत नाही, त्यांच्यासाठी अतारांकित प्रश्नाएवढी साधी सोय दुसरी नाही. मंत्रालयात त्या प्रश्नाची फाइल निघते, कुणीतरी यादी उघडतं, आकडे जुळवतं. निदान तेवढा एक दिवस तरी कुणाची तरी नजर त्या नावांवरून फिरते. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि सांगण्यासारखं नसेल तर सरकार सांगत नाही, तशी मुभा त्याला आहेच. किती जणांची खातरजमा बाकी आहे, या आकड्याने कुठली वाटाघाट बिघडेल? प्रश्नात कुणाचं नाव घालू नका, एवढं पथ्य मात्र नक्की पाळा.

संसदेने विचारल्यामुळे परराष्ट्र व्यवहार उघड्यावर आल्याचं मोठं उदाहरण १९५९ चं. चीनने अक्साई चीनमध्ये बांधलेल्या रस्त्यावरून सदस्य विचारत राहिले. नेहरू पंतप्रधानही होते आणि परराष्ट्र खातंही त्यांच्याकडेच, म्हणजे उत्तर त्यांनाच द्यावं लागायचं. त्या सप्टेंबरात सरकारने चीनशी झालेला १९५४ पासूनचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे ठेवला. आपल्या राजापूरचे नाथ पै त्याच लोकसभेत होते. आपल्या राज्यघटनेत करार करायला संसदेची आधी परवानगी लागत नाही. मग खासदाराच्या हातात रोजच्या रोज वापरता येईल असं प्रश्नाशिवाय उरतं काय?

ताई, आणखी एक. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं. त्याच्यामागे लोकसभेची आश्वासन समिती असते आणि पूर्ततेला ३ महिन्यांची मुदत असते. त्या उत्तराची प्रत जपून ठेवा.

वल्हं

काका, तुमचं उत्तर रात्री आईला वाचून दाखवलं. ‘शिक्षा पूर्ण झाली की १ महिन्यात’ हे वाक्य तिने परत वाचायला लावलं. हा करार आहे हेच आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

बोटींचा भाग काढलाय. नवा मसुदा बघा:

‘परराष्ट्र मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(क) १ जानेवारी २०२५ रोजीच्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यातील २१७ भारतीय मच्छीमारांची राज्यनिहाय व अटकेच्या वर्षानिहाय संख्या किती;
(ख) त्यांपैकी किती जणांना अटकेपासून ३ महिन्यांच्या आत कॉन्सुलर अ‍ॅक्सेस मिळाला;
(ग) शिक्षा पूर्ण झालेल्यांपैकी किती जणांच्या राष्ट्रीयत्वाची खातरजमा भारताकडून प्रलंबित आहे आणि सर्वात जुने प्रकरण कोणत्या तारखेचे आहे;
(घ) कैद्यांसंबंधीच्या भारत-पाकिस्तान संयुक्त न्यायिक समितीची शेवटची बैठक केव्हा झाली?’

मसुदेकाका

(क) ते (ग) उत्तम. (ग) मधली ‘सर्वात जुने प्रकरण’ ही जोड मला सुचली नव्हती, ती अजिबात काढू नका.

(घ) बदला. निवृत्त न्यायाधीशांच्या त्या समितीची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली, हे जाहीर आहे. त्याऐवजी लिहा: ‘ऑक्टोबर २०१३ नंतर समितीची बैठक घेण्याबाबत भारताने पाकिस्तानला कोणत्या तारखांना कळवले आणि त्यावर उत्तर मिळाले आहे काय?’

नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत जाते. हिंदी भाषांतर मी करून देतो, इथेच टाकेन. तुम्ही उद्या त्या कार्यालयात जाऊन २१ मार्चच्या प्रश्नांसाठी नोटीस द्यायची तक्त्यातली शेवटची तारीख तेवढी लिहून आणा.

वल्हं

उद्या शाळा सुटल्यावर जाते.