मदत हवी आहे: वादळातल्या लाटा आणि वाडीची भिंत

नमस्कार मंडळी,

आमची माडा-पोफळींची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागून. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ समोरून गेलं तेव्हा मी गावीच होतो. १६ तारीख. अक्षय तृतीया होऊन दोनच दिवस झालेले, म्हणजे अमावस्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांकडे, निघालेला. "पाणी बांधापर्यंत येत नाही," काका ठासून सांगत होते. आलं. बांधाचे चिरे उचकटले, कडेचे दोन माड आडवे झाले.

तेव्हापासून डोक्यात एकच. लांबवर लाटा उंच दिसत नव्हत्या, नुसतं पाणी संथ वर-खाली. पण एका ठरावीक पट्ट्यात आल्या की उभ्या राहायच्या आणि कोसळायच्या. ओहोटीला हा पट्टा लांब समुद्रात, भरतीला पार बांधाजवळ. वारा दक्षिणेचा, तरी लाटा किनाऱ्याला जवळजवळ समांतर. असं का? आणि आता धाकटा भाऊ म्हणतोय, काँक्रीटची सरळ उभी भिंत घालू. घालावी का?

दर्यावर्दी:
दोन लाटांमधले सेकंद मोजले होते का? १० सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते. खोली याच्या निम्म्याहून, म्हणजे ७८ मीटरहून कमी झाली की तिला तळ जाणवू लागतो. मग वेग उतरतो: १० मीटर पाण्यात ताशी सुमारे ३३ किलोमीटर, २ मीटरमध्ये जेमतेम १६. सेकंद तेवढेच राहतात, लाटांमधलं अंतर आक्रसतं आणि उंची वाढते. उंची खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते. तुमचा पट्टा भरती-ओहोटीबरोबर सरकतो तो यामुळेच.

लाटा किनाऱ्याला समांतर वळण्याचं म्हणाल तर लेझीमची रांग आठवा. आतल्या टोकाचे जागच्या जागी, बाहेरच्या टोकाचे पळत. लाटेचं उथळातलं टोक रेंगाळतं, खोलातलं पुढे येतं.

केवड्याचं बन:
भांगातही पाणी का चढलं, ते राहिलंच. फुटणाऱ्या लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात, वारा त्यात भर घालतो. शिवाय वादळात हवेचा दाब उतरतो; तो एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो.

भिंतीचं मात्र नको. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. वाळू गेली की तिथली खोली वाढते, मग पुढची लाट न फुटताच भिंतीशी येते. पुळण पावसाळ्यात खचते, दिवाळीनंतर भरते. तिला तेवढी जागा सोडा. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटू नका (आमच्याकडे 'साफसफाई' म्हणून उपटली, आता हळहळतोय). अगदीच काही घालायचं तर मोठ्या दगडांचा तिरका उतार, तोही सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी काढून.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. फोनमधला तेव्हाचा व्हिडिओ शोधून मोजलं, अकरा-बारा सेकंद भरतात. भावाला लेझीम पटली, भिंतीचं अजून नाही. उताराला आमचा चिरा (जांभा दगड) चालेल का? घरचाच पडून आहे.

केवड्याचं बन:
चिरा हलका, उचकटलेला तुम्हीच पाहिलात. काळा दगडच घ्या.