‘ज्वालाग्राहिता वाढते’ की ‘ज्वलनसीमा रुंदावते’?

प्रश्न (चिपळूण): गॅस-सुरक्षेच्या माहितीपत्रकात मी लिहिलं, ‘उष्णतेने वायू-हवेच्या मिश्रणाची ज्वालाग्राहिता वाढते.’ ते वाचून आईने विचारलं, “मग मे महिन्यात सिलिंडर घरात ठेवायचा की नाही?” वाक्यात काही चुकलंय का?

उत्तर (गुहागर): चूक नाही, पण ‘वाढते’ म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. ‘ज्वलनशील’ हा पदार्थाचा स्वभाव, लाकडालाही लागू. ‘ज्वालाग्राही’ म्हणजे ज्योत चटकन धरणारा. तुम्हाला सांगायचंय ते मिश्रणाबद्दल, आणि तिथे प्रश्न प्रमाणाचा असतो. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच ज्योत पसरते. त्याहून विरळ किंवा दाट मिश्रणात ती पुढे सरकत नाही. या दोन टोकांना मी खालची आणि वरची ज्वलनसीमा म्हणेन.

भाजावळ आठवा. पातेरा विरळ पसरला तर आग मध्येच विझते, कारण जळणारं पान पुढच्याला पुरेसं तापवू शकत नाही. तोच पातेरा उन्हाने आधीच कडकडीत तापलेला असेल तर थोडक्यातही आग पुढे जाते. वायूचंही तसंच. जळणारा थर शेजारच्या थराला तापवतो. मिश्रण मुळातच गरम असेल तर कमी इंधनात भागतं. म्हणून तापमान चढलं की खालची सीमा आणखी खाली येते, वरची आणखी वर जाते. म्हणून ‘ज्वलनसीमा रुंदावते’ हेच लिहा.

आईंना मात्र आकडा सांगा. दर 100 अंश सेल्सिअसला खालची सीमा स्वतःच्या साधारण 8 टक्क्यांनी उतरते. 25 अंशांना 5 टक्के असलेली मिथेनची सीमा 125 अंशांना 4.6 होईल, आपल्या 35 अंशांच्या दुपारी जेमतेम 4.96. हा फरक भट्टीत मोलाचा, स्वयंपाकघरात नगण्य. घरात खरी भीती गळतीची. एलपीजीची खालची सीमा 2 टक्क्यांच्या आसपास, आणि तो हवेहून जड, जमिनीलगत साचतो. वास आला की आधी दारं-खिडक्या उघडायची, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

प्रश्नकर्ता: मग ‘ज्वलनांक’ वापरू का?

उत्तर: इथे नको. ठिणगीशिवाय आपोआप पेट घेण्याचं तापमान ही वेगळी गोष्ट. मिथेनसाठी ते 500 अंशांच्याही वर असतं. त्याला ‘स्वयंप्रज्वलन तापमान’ म्हणा, लांब असलं तरी घोटाळा होत नाही.