पी१६ पॉझिटिव्ह, वय ७१: या अहवालाचा अर्थ कसा लावावा?

लालबागकर:
माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. १९८२च्या संपापर्यंत ते गिरणीत होते आणि बिडी त्यानंतरही बरीच वर्षे सुटली नव्हती. मानेतली गाठ दुखत नाही म्हणून आम्ही दोन महिने अंगावर काढले. शेवटी उजव्या टॉन्सिलच्या बायॉप्सीत कर्करोग निघाला. अहवालात ‘पी१६ पॉझिटिव्ह, ८० टक्क्यांहून अधिक पेशींत ठळक रंग’ असे आहे. ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेल्या, तंबाखूला कधीही हात न लावलेल्या ४६ वर्षांच्या गृहस्थांचा अहवालही असाच आहे आणि त्यांना हा ‘चांगला प्रकार’ असल्याचे कोणीतरी सांगितले आहे. प्रथिन एकच, म्हणून दोघांचा आजारही एकच मानावा का?

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजीत काम करतो. पी१६ हे विषाणूचे नव्हे, आपल्याच पेशीचे प्रथिन आहे. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचे ई७ हे प्रथिन पेशीच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते आणि तो लगाम सुटला की पेशीत पी१६ साचू लागते. स्लाइडवर केंद्रक आणि त्याभोवतीचा पेशीद्रव दोन्ही तपकिरी दिसायला हवेत, तेही किमान ७० टक्के पेशींत. हा निकष वयानुसार बदलत नाही. मात्र ही विषाणूची सावली आहे, आणि सावली दुसऱ्या कशाचीही पडू शकते. अनेक देशांतील रुग्णांच्या २०२३ मधील एकत्रित विश्लेषणात सुमारे ९ टक्के रुग्णांत पी१६ आणि एचपीव्ही यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. जिथे घशाच्या कर्करोगात विषाणूचा वाटा कमी असतो, तिथे केवळ पी१६वर विसंबणे अधिक धोक्याचे ठरते. आपल्याकडे तंबाखूचा वाटा किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे त्याच ब्लॉकवर, म्हणजे बायॉप्सीचा तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात त्यावर, एचपीव्हीची डीएनए किंवा आरएनए चाचणी करता येईल का, हे विचारावे.

दादरची सून:
ब्लॉक मागायला संकोच करू नका, लेखी अर्ज केला की मिळतो. तो मेणाचा असतो; सासऱ्यांचा मी मे महिन्यात लोकलने नेला, तेव्हा पाकीट उन्हापासून जपत पदराखाली धरले होते.

किरणोपचार:
‘चांगला प्रकार’ या शब्दांना आधार आहे, पण तो सरसकट नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२.४ टक्के, तर नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के रुग्ण हयात होते. तरीही ज्यांचे धूम्रपान बरेच होते आणि मानेतील गाठीही जास्त पसरल्या होत्या, ते विषाणू असूनही मधल्या जोखमीच्या गटात गेले. आपल्या वडिलांच्या बाबतीत वयाइतकीच बिडीचीही नोंद घ्यावी लागेल. वयाचा प्रश्न मुख्यतः उपचारांशी निगडित आहे: सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध मूत्रपिंड आणि कान या दोन्हींवर ताण आणते, म्हणून सत्तरीनंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि श्रवणचाचणी पाहिल्याशिवाय ते ठरवू नये. पी१६ पॉझिटिव्ह असल्यास कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत टप्प्याचा आकडा खाली येतो. तो पाहून उपचार सौम्य करण्याचा आग्रह मात्र कृपया धरू नका. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरे औषध देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्यांत निकाल उलट खालावले.

लालबागकर:
आभारी आहे. सोमवारी ब्लॉकसाठी अर्ज देतो. बिडीची वर्षे केसपेपरवर कोणी लिहिलेलीच नाहीत, हे आत्ता कागद उघडून पाहिल्यावर लक्षात आले.