शब्दचर्चा : 'पाहिजे', 'लागतं', 'पासून', 'पर्यंत' आणि इंग्रजी

खानापूर तालुक्यातून

नमस्कार. मी बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं इंग्रजी. व्याकरणाची पुस्तकं तीन झाली, नियम पाठ आहेत, पण वापरायच्या वेळी गोंधळ होतो. गेल्या महिन्यात एका मुलाखतीचं पत्र आलं. त्यात 'यू नीड नॉट ब्रिंग द ओरिजिनल्स' अशी ओळ होती. मी ती 'मूळ कागद आणू नका' अशी वाचली आणि सगळं घरी ठेवून गेलो. तिथं ज्यांनी आणले होते त्यांचे कागद त्याच दिवशी तपासून झाले. मला आठवड्यानं परत जावं लागलं. 'मस्ट नॉट', 'नीड नॉट', 'डोन्ट हॅव टू' यांतला फरक पाठ न करता कसा लक्षात ठेवायचा?

शहापूर, बेळगाव

तुझी चूक इंग्रजीची कमी आणि 'नको'ची जास्त आहे. आपण 'नको' हा एकच शब्द दोन कामांना वापरतो. आई म्हणते, 'उन्हात जाऊ नको', ती मनाई. आणि तीच म्हणते, 'तू नको जाऊ आता, बाबा आणतील की', तेव्हा ती फक्त त्रास वाचवते. तू गेलास तरी रागावणार नाही. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळी रूपं आहेत. पहिलं 'मस्ट नॉट', दुसरं 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू'.

मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. त्यांना मी इंग्रजी वाक्य लगेच मराठीत उलटवू देत नाही. आधी विचारते, नेमकं कुठलं मराठी वाक्य? 'मूळ कागद आणता कामा नयेत' की 'मूळ कागद आणायची गरज नाही'? ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की कुणीच चुकत नाही. फरक मराठीत आहेच. घाईत आपण तो 'नको'खाली झाकतो.

होकारातही तसंच. 'मला गेलं पाहिजे' आणि 'मला जावं लागतं' हे एक नव्हे. आजारी मैत्रिणीला भेटायला 'गेलं पाहिजे', कारण मला तसं वाटतं. सातची बस धरायला पहाटे 'उठावं लागतं', कारण बस माझ्यासाठी थांबत नाही. पहिलं 'मस्ट'च्या जवळ, दुसरं 'हॅव टू'च्या. इंग्रज बोलताना ही रेघ नेहमी काटेकोर पाळतो असं नाही, पण शिकणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. भूतकाळात मात्र दोघांनाही 'हॅड टू'च घ्यावं लागतं. 'मस्ट' हेच मुळात एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं. ते वर्तमानाच्या कामाला लागलं आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. म्हणून 'काल मला जावं लागलं' याला 'आय हॅड टू गो'.

अथणीहून

बाई, एक भर घालू का? आमच्या घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. कन्नडमध्ये हा फरक अगदी उघडा आहे. 'होगबेकु' म्हणजे जायला पाहिजे. 'होगबारदु' म्हणजे जाता कामा नये. 'होगबेकागिल्ल' म्हणजे जायची गरज नाही. आणि 'होगबेड' म्हणजे आपलं 'जाऊ नको'. मी शाळेत 'नीड नॉट' शिकलो तेव्हा मनात 'बेकागिल्ल' म्हणालो आणि तिथंच बसलं ते. खानापूरच्या मित्राला कन्नड येत असेल तर त्यानं हे वापरून बघावं.

शहापूर, बेळगाव

अहो, किती नेमकं सांगितलंत! हे मी उद्यापासून वर्गात सांगणार. सीमाभागातल्या मुलाला दोन भाषा शिकायला लागतात म्हणून आपण हळहळतो. इंग्रजीच्या या प्रकरणात मात्र तो पुण्यातल्या मुलाच्या एक पाऊल पुढं असू शकतो, हे मला मनापासून वाटतं.

तुमच्या 'बेकु'वरून आणखी एक सुचलं. 'मस्ट'ला दोन कामं आहेत, सक्ती आणि अंदाज. 'ही मस्ट गो' म्हणजे त्यानं गेलंच पाहिजे. 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे तो गेला असणार. मुलं इथं अडखळतात, एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे म्हणून. कन्नडमध्ये 'बेकु' अगदी हेच करतं. 'बरबेकु' म्हणजे यायला पाहिजे, 'बंदिरबेकु' म्हणजे आला असणार. आणि 'बंदिरबहुदु' म्हणजे आला असेल कदाचित, 'ही मे हॅव कम'.

मराठीत अंदाजाच्या तीन पायऱ्या आहेत, त्या सोडू नका. दारात चप्पल नाही, गाडी आहे की नाही ते दिसत नाही : 'गेला असेल'. चप्पल नाही आणि गाडीही नाही : 'गेला असावा'. शेजारणीनं सांगितलं की किल्ली देऊन बाहेर पडला : 'गेला असणार'. पहिल्याला 'मे' किंवा 'माइट', तिसऱ्याला 'मस्ट'. मधल्या 'असावा'ला इंग्रजीत एकाच शब्दाचा जोड मिळत नाही. 'प्रॉबेब्ली' घालून वाक्य करावं, ते बरं.

निपाणीहून

ताई, माझी मुलगी नववीत आहे. ती सगळीकडे 'कॅन' वापरते. तिच्या टीचर म्हणतात परवानगीला 'मे' म्हण. पण मग 'कॅन' आणि 'मे' यांत मुळात काय फरक?

शहापूर, बेळगाव

मुळात जायचं तर मजा आहे. 'कॅन'चा सगळ्यात जुना अर्थ 'ठाऊक असणे'. 'मे'चा जुना अर्थ 'अंगात बळ असणे'. 'माइट' हे नाम आजही सामर्थ्य या अर्थानं इंग्रजीत आहेच. पुढं 'कॅन' सगळ्या क्षमतेवर पसरलं आणि 'मे' परवानगीकडं, शक्यतेकडं सरकलं.

आता मराठी बघा. आपल्याकडं ते दोन जुने अर्थ अजून वेगवेगळे नांदतात. 'मला पोहता येतं' म्हणजे मी ते शिकलेय, मला ठाऊक आहे. 'मी पोहू शकते' म्हणजे आज अंगात तेवढं बळ आहे, किंवा परिस्थिती तशी आहे. हात मोडलेला पोहणारा काय म्हणेल? 'मला पोहता येतं, पण सध्या मी पोहू शकत नाही.' इंग्रजीत दोन्हीकडं 'कॅन' लागेल, आणि हा फरक दाखवायचा तर 'आय नो हाऊ टू स्विम, बट आय कान्ट स्विम नाऊ' असं म्हणावं लागेल. कन्नडमध्येही 'येणे'च वापरतात. 'ननगे कन्नड बरुत्ते' आणि 'मला कन्नड येतं', दोन्हीकडं भाषा आपल्याकडं चालत येते.

परवानगीचं म्हणाल तर मराठीला 'शकणे' लागतच नाही. दारात उभं राहून आपण 'आत येऊ का?' म्हणतो. हल्ली मुलं 'मी आत येऊ शकतो का?' म्हणतात, ते इंग्रजीवरून आलेलं आहे आणि मला ते खटकतं. 'मे आय कम इन?' म्हणजे साधं 'आत येऊ का?' मुलीला एवढंच सांगा. 'येऊ का, घेऊ का, जाऊ का' असं जिथं मराठीत येतं तिथं 'मे आय' चालतं. मैत्रिणींत 'कॅन आय' म्हटलं तरी काही बिघडत नाही. आज सगळीकडं तेच जास्त ऐकू येतं.

आणि 'कुड'. हा फक्त भूतकाळ नव्हे. आपल्याकडं आदर दाखवायला 'तुम्ही' आहे, 'द्याल का' आहे, 'जरा' आहे. कन्नडमध्ये शेवटी 'री' लावलं की झालं. इंग्रजीत 'यू' एकच, सगळ्यांना तेच. मग आदर क्रियापदानं सांभाळावा लागतो. 'गिव्ह मी', 'कॅन यू गिव्ह मी', 'कुड यू गिव्ह मी' हे आपलं 'दे', 'देता का', 'जरा द्याल का' असं आहे. 'प्लीज' चिकटवलं की हुकूम विनंती होतो असं अनेकांना वाटतं. 'प्लीज सेंड द फाइल' हे साहेबांना लिहिलं तर कानाला हुकूमच लागतो.

खानापूर तालुक्यातून

बाई, 'कुड'वर अजून एक. परीक्षेत असं आलं होतं : पाऊस होता तरी काल आम्ही वेळेवर पोहोचू शकलो. मी 'वी कुड रीच' लिहिलं, चूक दिली.

शहापूर, बेळगाव

बरोबर चूक दिली. एखाद्या दिवशी एक गोष्ट जमली, साधली, तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. 'वी मॅनेज्ड टू रीच ऑन टाइम.' 'कुड' हे कायमच्या अंगच्या गोष्टीला : 'आजोबा वयाच्या सत्तरीतही राजहंसगडावर चढू शकत', त्याला 'ही कुड क्लाइंब'. नकारात मात्र ही अट नाही. 'पोहोचू शकलो नाही' याला 'कुडन्ट रीच' चालतं.

यातलं 'शकत' काढलं की नुसतं 'चढत' उरतं, त्यावरून लगेच सांगते. 'चढत', 'जायचो', 'यायची' ही जुनी सवय. त्याला 'यूज्ड टू' किंवा 'वुड'. पण 'वुड' फक्त कृतीला. जे नुसतं 'होतं' त्याला 'वुड' चालत नाही. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, याला 'बेळगाव यूज्ड टू बी इन बॉम्बे स्टेट'. इथं 'वुड बी' लिहिलं तर अर्थच बदलतो, ते 'असतं तर' कडं जातं. आणि इथल्या माणसानं ते चुकून लिहिणं बरं नव्हे.

निपाणीहून

ताई, वेळेचे शब्द पण सांगा ना. 'सिन्स' आणि 'फॉर'. मुलगी 'सिन्स थ्री डेज' म्हणते, मला तर ते बरोबरच वाटतं!

शहापूर, बेळगाव

वाटणारच. आपलं 'पासून' दोन्हीकडं बसतं. 'सोमवारपासून ताप आहे', 'तीन दिवसांपासून ताप आहे'. इंग्रजी इथं विचारतं, तू सुरुवात सांगतोस की लांबी? सोमवार ही सुरुवात, म्हणून 'सिन्स'. तीन दिवस ही लांबी, म्हणून 'फॉर'. पण मराठीत लांबी सांगायची आणखी एक पद्धत आहे, 'तीन दिवस झाले ताप आहे'. मुलीला हे वाक्य म्हणायला लावा. जिथं 'झाले' बसतं तिथं 'फॉर'. 'सोमवार झाले ताप आहे' असं कुणी म्हणणार नाही, म्हणजे तिथं 'सिन्स'.

दुसरी अडचण काळाची. आपण 'आहे' म्हणतो म्हणून मूल 'इज' लिहितं. इंग्रजीत मागून सुरू होऊन आजवर आलेल्या गोष्टीला 'हॅज' लागतं. गावाचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे : 'इट हॅज बीन बेळगावी सिन्स...'. 'इट इज' नाही.

'पर्यंत'मध्ये मात्र मोठी माणसंही पडतात. 'शुक्रवारपर्यंत अर्ज द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा'. आपल्याला दोन्ही सारखंच. पहिल्यात गोष्ट एकदा व्हायची आहे, शुक्रवारच्या आत कधीही. तिथं 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात गोष्ट सलग चालायची आहे, तिथं 'अन्टिल' किंवा 'टिल'. माझ्या ओळखीच्या एका मुलानं साहेबांना 'आय विल कम टिल फाइव्ह' असा निरोप पाठवला. म्हणायचं होतं पाचपर्यंत येतो. साहेबांना तो काय म्हणतोय तेच कळेना. ओळखायची खूण 'आत'. 'पाचच्या आत येतो' म्हणता येतं, म्हणून 'बाय फाइव्ह'. 'पाचच्या आत थांबतो' म्हणता येत नाही.

'दोन दिवसांपूर्वी'ला 'बिफोर टू डेज' नको, 'टू डेज अगो'. आजपासून मागं मोजायचं तर 'अगो'. 'आज रात्री' म्हणजे 'टुनाइट', 'काल रात्री' म्हणजे 'लास्ट नाइट'. हे पाठच करा, यात समजून घेण्यासारखं काही नाही.

अथणीहून

बाई, 'अजून'चं काय करायचं? 'अजून आला नाही', 'अजून इथंच आहे', 'अजून भात वाढ'. आणि 'परवा'? मराठीत मागचा दिवसही परवा आणि पुढचाही. कन्नडमध्ये मागचा 'मोन्ने', पुढचा 'नाडिद्दु'. आमच्या घरी आजी मराठी बोलताना मध्येच 'मोन्ने' म्हणते, आणि मला ते सोयीचं वाटतं.

शहापूर, बेळगाव

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे; 'परवा'चा अर्थ आपण क्रियापदावरून काढतो, 'परवा आले' आणि 'परवा येणार'. इंग्रजीत ती मुभा नाही. मागच्याला 'द डे बिफोर येस्टरडे', पुढच्याला 'द डे आफ्टर टुमॉरो', असं लांबलचक बोलावं लागतं. निरोपात मी तर सरळ तारीख लिहायला सांगते.

'अजून'ला तीन कप्पे. नकारात आणि वाट बघण्यात 'येट' : 'ही हॅजन्ट कम येट'. चालूच आहे तिथं 'स्टिल' : 'ही इज स्टिल हिअर'. भात हवा तर 'सम मोअर'.

खानापूर तालुक्यातून

म्हणजे पुन्हा असं पत्र आलं तर मी असं वाचायचं : 'यू डोन्ट हॅव टू कम अन्टिल टेन'. 'दहापर्यंत यायची गरज नाही.' बरोबर का बाई?

शहापूर, बेळगाव

बरोबर. आणि 'दहाच्या आधी आलास तर चालेल का?' असं विचारलं तर?

खानापूर तालुक्यातून

चालेल. मनाई नाही ना, गरज नाही एवढंच. मी साडेनऊलाच जाईन, आणि मूळ कागद घेऊन जाईन.