मेडिकलमधून गोळी आणण्याआधी
वर कोणीतरी लिहिलंय की डायबेटिसमध्ये लिंगाची ताठरता कमी होणारच, मेडिकलमधून गोळी आणायची आणि विषय संपवायचा. कमी होते हे खरंय, जास्त साखरेने मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. पण गोळीचं अजिबात पटलं नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ च्या, त्यामुळे चरबी साचायला लागली की त्रास बऱ्याचदा आधी तिथे दिसतो आणि छातीत दुखणं काही वर्षांनी येतं. माझं तसंच झालं, लाजेपायी दोन वर्षं डॉक्टरांना बोललोच नाही आणि शेवटी अँजिओप्लास्टी करावी लागली.

आणि हो, छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेत असाल तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा, म्हणजे ताठरतेची तीच गोळी) चुकूनही घेऊ नका, बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.