मदत हवी आहे: गाडीचे टायर धुतल्यानंतरही तपकिरीच राहतात, परवडणारा आणि परिणामकारक क्लीनर कोणता घ्यावा?

तांबडी_माती

नमस्कार. माझी छोटी हॅचबॅक गाडी कुडाळजवळच्या घरी उघड्या अंगणात उभी असते. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट जांभ्याच्या मातीची असल्यामुळे पावसाळाभर चाके तांबड्या चिखलाने माखलेली असतात. चिखल पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र टायरच्या बाजूवर, म्हणजे जिथे कंपनीचे नाव आणि माप कोरलेले असते त्या साइडवॉलवर, एक तपकिरी थर कायम राहतो. टायर ओला असेपर्यंत काळा दिसतो आणि वाळला की पुन्हा पूर्वीसारखा. कार शॅम्पूने धुऊन पाहिले, भांडी घासण्याचा द्रव साबणही वापरून पाहिला, परंतु समाधानकारक फरक पडला नाही.

गाडी धुऊन देणाऱ्या केंद्रात दर वेळी टायरला चकचकीत पॉलिश फासून देतात. ते दिवसभर छान दिसते, नंतर त्यावरच धूळ बसते आणि दरवाजांच्या खालच्या भागावर तेलकट शिंतोडे उडालेले आढळतात. दुकानात टायर क्लीनर मागितला असता बहुतेक वेळा हेच पॉलिश पुढे केले जाते. शेजारी डिझेलने पुसण्याचा सल्ला देतात, तर एका परिचितांनी शौचालय स्वच्छ करण्याचे द्रावण सुचवले, जे वापरण्याचे धाडस मला झाले नाही.

ब्रशसह सातशे रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि ते साहित्य निदान वर्षभर पुरावे अशी अपेक्षा आहे. चाकांना अलॉय रिम आहेत. नेमके कोणत्या प्रकारचे द्रावण घ्यावे आणि ते कसे वापरावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_गॅरेजवाला

बाटली विकत घेण्याआधी तो तपकिरी रंग कशाचा आहे ते तपासा, कारण तिन्ही शक्यतांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पांढरे सुती फडके नुसत्या पाण्याने भिजवून साइडवॉलवर एकाच जागी जोर लावून घासावे. फडके तांबूस झाले आणि ती जागा वाळल्यावरही काळीच राहिली, तर ती माती आहे. तिला ब्रश आणि साधा शॅम्पू पुरेसा आहे. फडक्यावर चिकट, काळपट तपकिरी ओशटपणा आला, तर जुन्या पॉलिशचे थर साचून त्यात धूळ अडकलेली आहे. फडके जवळपास कोरेच राहिले आणि टायर वाळताच तपकिरी दिसू लागला, तर तो रंग रबराच्या आतून वर आलेला आहे. आमच्या धंद्यात त्याला ब्लूमिंग म्हणतात.

आपल्या वर्णनावरून मला दुसरी आणि तिसरी गोष्ट एकत्र झाल्याचा संशय आहे. दर धुण्याला पॉलिश फासणारे केंद्र खालचा थर काढण्याच्या फंदात सहसा पडत नाही, कारण काढायला वेळ लागतो आणि फासायला अर्धे मिनिट. पुढच्या वेळी "फक्त धुवा, पॉलिश नको" असे आधीच सांगून ठेवावे.

रसायन_कट्टा

वरील प्रतिसादाला थोडी पुस्ती जोडतो. हवेतील ओझोन रबराच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर हल्ला करतो आणि त्यामुळे टायरला बारीक भेगा पडू लागतात. त्यापासून संरक्षण म्हणून टायरच्या रबरात मेण आणि 6पीपीडी नावाचे ओझोनरोधक रसायन मिसळलेले असते. ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहते, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी अभिक्रिया करते आणि त्यातून तयार होणारी संयुगे तपकिरी दिसतात. थोडक्यात, हा रंग टायर निकृष्ट असल्याचे लक्षण नाही आणि एकदा काढला म्हणून तो कायमचा जाणारही नाही. म्हणून दर आठवड्याला खरवडत बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा नीट स्वच्छ करणे शहाणपणाचे.

कार शॅम्पूचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) रंगाला आणि मेणाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम 7 च्या, म्हणजे ना आम्ल ना अल्क अशा पातळीच्या, आसपास ठेवलेला असतो, त्यामुळे हा मेणचट थर त्याला दाद देत नाही. येथे अल्कधर्मी, म्हणजे 7 पेक्षा जास्त सामूचे द्रावणच हवे. बाजारात ते ऑल पर्पज क्लीनर, डीग्रीझर किंवा टायर अँड रबर क्लीनर या नावांनी मिळते. लेबलावर शाइन, ड्रेसिंग किंवा ग्लॉस असे शब्द असतील तर ते पॉलिश समजावे आणि बाटली परत ठेवावी. ब्रेकच्या धुळीसाठी मिळणारा, लोखंडाशी संयोग होताच जांभळा होणारा आयर्न रिमूव्हरही या कामाचा नाही. त्याची जागा रिमवर आहे.

डिझेलाने टायर काळाभोर दिसतो हे खरे, पण पेट्रोलियम पदार्थ रबरात शिरून त्याला फुगवतात आणि मऊ करतात. शौचालयाच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, जे अलॉय रिम, चाकांचे नट आणि ब्रेकची तबकडी या सर्वांनाच खाते. आपण ते वापरले नाही हे उत्तम केले.

एक अवांतर सूचना करतो. 6पीपीडीपासून तयार होणारे एक संयुग कोहो जातीच्या सामन माशांना घातक असल्याचे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे सामन नाहीत. तरीही चाके धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा वहाळाकडे जाऊ न देणे बरे.

हिशेबी_सोलापूरकर

खर्चाविषयी लिहितो. लगेच फवारता येईल अशा तयार बाटलीत बहुतांश पाणीच असते आणि आपण त्या पाण्याचेही पैसे मोजतो. त्याऐवजी संहत, म्हणजे पाणी घालून पातळ करायच्या स्वरूपातील ऑल पर्पज क्लीनर घ्यावा. उदाहरणार्थ, मेगुआर्सच्या अशा क्लीनरचे प्रमाण जास्त मळासाठी एक भाग द्रवाला चार भाग पाणी, तर हलक्या मळासाठी एकास दहा असे आहे. एवढ्या नामांकित कंपनीचाच घ्यायला हवा असे अजिबात नाही. देशी कंपन्यांचे संहत क्लीनरही चालतात, फक्त बाटलीवर पाण्याचे प्रमाण स्पष्ट छापलेले असावे. एकास पाच धरले तरी अर्ध्या लिटरचे तीन लिटर द्रावण होते. चार टायरांना एका वेळी साधारण पाव लिटर लागते, म्हणजे महिन्यातून एकदा या हिशेबाने वर्ष निघते. पहिल्या वेळी मात्र जुने पॉलिश काढायचे असल्यामुळे दुप्पट लागेल.

उरलेले पैसे ब्रशवर खर्च करा, कारण निम्मे काम ब्रशच करतो. मध्यम कडक नायलॉनचा, हातात नीट बसणारा ब्रश हवा. कपडे घासण्याचा ब्रशही चालतो. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची लोखंडी घासणी मात्र टायरजवळ नेऊ नये.

त्याहूनही स्वस्त मार्ग हवा असेल तर किराणा दुकानातला धुण्याचा सोडा एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा या प्रमाणात विरघळवून वापरता येतो. खाण्याचा सोडा या कामाला फार सौम्य पडतो. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्यामुळे सोड्यानंतर पांढुरके डाग राहतात आणि दोनदा खळबळून धुवावे लागते. आपल्या कोकणातल्या पाण्याला तो त्रास कमी व्हावा.

तांबडी_माती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फडक्याची चाचणी करून पाहिली. पुढच्या टायरांवर चिकट ओशटपणा आला, मागच्यांवर फडके जवळजवळ कोरे राहिले, म्हणजे गॅरेजवाले म्हणतात तसे दोन्ही प्रकार आहेत. आता दोन शंका उरतात. अल्कधर्मी द्रावण अलॉय रिमवर ओघळले तर तिला अपाय होईल का? आणि स्वच्छ केल्यानंतर टायर कोरडाच ठेवावा, की त्यावर काही लावणे आवश्यक आहे?

जुना_गॅरेजवाला

अलॉयवर कारखान्यातला पारदर्शक लेप शाबूत असेल तर थोडा वेळ ओघळलेल्या द्रावणाने काही बिघडत नाही. ज्या ठिकाणी तो लेप दगडाने किंवा पदपथाच्या कडेने खरचटून उघडे ॲल्युमिनियम दिसत आहे, तिथे अल्कामुळे करडे डाग पडतात, सोड्यानेही पडतात. म्हणून द्रावण थेट चाकावर न फवारता ब्रशवर घ्यावे, रिम आधीच ओली करून ठेवावी आणि एका वेळी एकच चाक हातात घ्यावे. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर चाके निवू द्यावीत आणि काम सावलीत करावे, कारण द्रावण वाळले की डाग धरते. एक-दोन मिनिटे मुरू देऊन गोलाकार घासावे, धुवावे आणि फेस तपकिरीऐवजी पांढरा येईपर्यंत पुन्हा करावे. पुढच्या टायरांना दोन-तीन फेऱ्या लागतील. हातमोजे घालावेत, संहत द्रव कातडी सोलवटून काढतो.

घासताना साइडवॉलवर बारीक भेगांचे जाळे दिसले, तर तिथे क्लीनरचे काम संपते. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतील शेवटचे चार आकडे पाहावेत. 2319 असे असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. जुना आणि भेगाळलेला टायर चमकवण्यापेक्षा टायरवाल्याला दाखवावा.

वर काही लावणे आवश्यक नाही. स्वच्छ टायर मंद काळा दिसतो आणि मला तोच आवडतो. चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजाने अगदी पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, म्हणजे दरवाजांवर शिंतोडे उडणार नाहीत. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर त्याचा थेंबही नको, आणि दुचाकीच्या टायरला तर मुळीच लावू नये, कारण वळणावर तिची कडच रस्त्याला टेकते. धुऊन झाल्यावर गाडी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून तबकड्या सुकवाव्यात, आणि मगच मुख्य रस्त्याला लागावे.